मेतानोएओ : एका ग्रीक क्रियापदाची गोष्ट

मंडळी, ‘बैल गेला आणि झोपा केला’ ही म्हण खेड्यात वाढलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. वेळ निघून गेल्यावर जे शहाणपण सुचते, त्याची आपण अशी थट्टा करतो. पण आज मी जी हकीकत सांगणार आहे, तिच्यात शहाणपण मागाहूनच सुचले आणि तरीही बैल वाचला. बैल कसला, एक अख्खे शहर वाचले. आणि या मागाहून येणाऱ्या शहाणपणाला त्या लोकांच्या भाषेत एक क्रियापद होते. भाषा प्राचीन ग्रीक, काळ इसवी सनापूर्वी ४२७, आणि क्रियापद ‘मेतानोएओ’.

शब्द कानाला परका लागतो खरा. पण भिऊ नका. आपल्या शाळेत गुरुजी धातू आणि उपसर्ग शिकवतात ना, तेवढ्या शिदोरीवर हा शब्द सुटा करता येतो. मात्र आधी गोष्ट ऐका, मग शब्दाकडे वळू. कारण शब्दाचा अर्थ कोशात सापडतो, पण त्याचे मोल माणसांच्या व्यवहारात कळते.

त्या काळी ग्रीस हे एक राज्य नव्हते. एकेक शहर हेच एकेक राज्य. त्यांत अथेन्स आणि स्पार्टा ही दोन बलाढ्य. इसवी सनापूर्वी ४३१ मध्ये त्यांच्यात युद्ध जुंपले, आणि मधूनमधून विसावत, पुन्हा पेटत ते २७ वर्षांनी, ४०४ मध्ये संपले. अथेन्सचे बळ समुद्रावर. एजियन समुद्रातली पुष्कळ बेटे आणि किनाऱ्यावरची शहरे त्याला खंडणी भरीत. लेस्बॉस बेटावरचे मिटिलीनी हे शहर मात्र खंडणी भरीत नसे. ते आपली लढाऊ जहाजे देई. म्हणजे दोस्तांतले ते मानाचे दोस्त.

याच मिटिलीनीने ४२८ मध्ये बंड केले. बंड उभारले ते तिथल्या मूठभर श्रीमंत सत्ताधाऱ्यांनी, आणि ते मदतीची वाट पाहत होते स्पार्टाकडून. अथेन्सने पाकेस नावाचा सेनापती पाठवून शहराला वेढा घातला. मदत वेळेवर आली नाही, धान्य संपत आले. तेव्हा शहरातल्या सामान्य लोकांच्या हाती जड शस्त्रे देण्यात आली, शेवटचा हल्ला करावा म्हणून. शस्त्रे हाती येताच लोक म्हणाले, ‘आधी धान्य बाहेर काढा आणि सर्वांना वाटा, नाही तर आम्ही शहर अथेन्सच्या हवाली करतो.’ झाले! ४२७ मध्ये शहर शरण गेले. अट एवढीच की, निकाल अथेन्सच्या लोकांनी करावा, आणि तो होईपर्यंत पाकेसने कोणाला मारू नये, कैद करू नये की गुलाम करू नये.

निकाल करणार होती अथेन्सची नागरिक-सभा. स्त्रिया, गुलाम आणि परके यांना तिथे स्थान नव्हते. पण जो पुरुष नागरिक असेल, मग तो चांभार असो की जमीनदार, त्याला हात वर करून मत देण्याचा हक्क होता. त्या दिवशी सभा संतापलेली होती. मानाच्या दोस्ताने दगा दिला, हा राग मोठा. त्या रागात ठराव झाला : मिटिलीनीतले सर्व वयात आलेले पुरुष ठार करावे, बायका-मुलांना गुलाम करावे. बंड करणारे कोण आणि शहर स्वाधीन करणारे कोण, हा भेद कोणी पाहिला नाही. लगोलग एक जहाज पाकेसकडे हुकूम घेऊन निघाले.

मग रात्र झाली.

ही कथा आपल्याला सांगितली आहे ती थ्युसिडिडीस या इतिहासकाराने. तो स्वतः अथेन्सचा, याच युद्धात सेनापती होता, आणि मोहिमेत अपयश आल्यामुळे पुढे वीस वर्षे परागंदा झाला. फार मोजून शब्द वापरणारा माणूस. तो लिहितो की, दुसऱ्याच दिवशी अथेन्सच्या लोकांना एक प्रकारची ‘मेतानोइया’ झाली आणि ते हिशेब करू लागले, की दोषी सोडून अख्खे शहर नाहीसे करणे हा निर्णय फार मोठा आणि फार क्रूर आहे. ‘मेतानोइया’ हे ‘मेतानोएओ’ या क्रियापदापासून झालेले नाम. आणि ‘क्रूर’ म्हणून त्याने जो शब्द घातला आहे तोही पाहण्यासारखा आहे. तो आहे ‘ओमॉस’. त्याचा मूळ अर्थ कच्चा, न शिजलेला. संस्कृतातला ‘आम’ हा त्याचाच भाऊबंद. आपण ‘आमांश’ म्हणतो त्यातला ‘आम’. म्हणजे आदल्या दिवशीचा ठराव कच्चा होता, आणि रात्रभर तो मनाच्या चुलीवर राहिला तेव्हा त्याचा कच्चेपणा कळला.

मिटिलीनीचे वकील अथेन्समध्येच होते. त्यांनी आणि त्यांच्या बाजूच्या अथेनियनांनी धावाधाव करून अधिकाऱ्यांकडून पुन्हा सभा बोलावून घेतली. तिथे क्लिऑन उभा राहिला. आदल्या दिवशीचा ठराव त्याचाच. त्याचे म्हणणे साधारण असे : कायदे थोडे वाईट असले तरी चालतील, पण ते अढळ हवेत, आज एक आणि उद्या एक असे करणाऱ्याला राज्य चालवता येत नाही, दया, सुंदर भाषणांची चटक आणि सौम्यपणा या तीन गोष्टी सत्तेचा नाश करतात. आजही असे बोलणारा माणूस सभेत टाळ्या घेऊन जातो.

त्याला उत्तर दिले डायोडोटस नावाच्या गृहस्थाने. याच्याविषयी इतिहासाला जवळजवळ एवढेच ठाऊक आहे की, या दोन दिवसांत तो बोलला. आता तुम्हांला वाटेल, त्याने दयेची भीक मागितली असेल. तसे नाही. तो म्हणाला की, घाई आणि राग हे दोन चांगल्या विचाराचे शत्रू. आपण इथे न्यायासनावर बसलेलो नाही. आपल्या हिताचे काय, ते ठरवायला बसलो आहोत. मरणाच्या भीतीने माणसे गुन्हा करायची थांबली असती तर ती केव्हाच थांबली असती. मिटिलीनीच्या सामान्य लोकांनी शस्त्रे हाती येताच शहर आपल्या स्वाधीन केले. त्यांनाच मारले तर पुढे कुठल्याही शहरातला सामान्य माणूस आपल्या बाजूला येणार नाही. आणि शरण गेले तरी मरणच आहे असे कळल्यावर कोणते शहर वेळीच शरण येईल? म्हणजे पाहा, तो रडला नाही की त्याने रडवले नाही. त्याने लोकांना पुन्हा विचार करायला लावला.

मते घेतली तेव्हा हात जवळजवळ सारखेच वर झाले. थोडक्यात डायोडोटसची सरशी झाली.

पण पहिले जहाज? ते निघून एक दिवस आणि एक रात्र उलटली होती. अथेन्सच्या बंदरापासून मिटिलीनी समुद्रमार्गाने सुमारे साडेतीनशे किलोमीटर. ताबडतोब दुसरे जहाज सोडण्यात आले. ही जहाजे वल्ह्यांची. एकावर एक अशा तीन रांगांत मिळून १७० वल्हेकरी बसत. मिटिलीनीच्या वकिलांनी त्यांना द्राक्षाची दारू आणि जवाचे पीठ भरून दिले, वेळेत पोहोचलात तर मोठे बक्षीस देऊ असे कबूल केले. एरवी अशी जहाजे रात्री किनाऱ्याला लागत, माणसे उतरून जेवत आणि झोपत. पण या जहाजाने किनारा धरला नाही. जवाचे पीठ दारूत आणि तेलात कालवून वल्हेकऱ्यांनी ते वल्ही मारता मारताच खाल्ले. पाळीपाळीने थोडे झोपले, बाकीचे वल्हवीत राहिले. सुदैवाने वारा आडवा आला नाही. आणि थ्युसिडिडीस आणखी एक बारीक गोष्ट टिपतो : पहिल्या जहाजाला घाई नव्हती. अशा भयंकर कामगिरीवर ते रेंगाळत चालले होते.

तरी पहिले जहाज आधी पोहोचलेच. पाकेसने हुकूम वाचला होता, आता तो अमलात आणायचा, इतक्यात दुसरे जहाज बंदराला लागले. शहर वाचले ते एवढ्याशा अंतराने.

आता शब्दाकडे वळू. ‘मेतानोएओ’ हे क्रियापद दोन तुकड्यांचे. ‘मेता’ हा उपसर्ग आणि ‘नोएओ’ हे मूळ क्रियापद. ‘नोएओ’ म्हणजे ‘मी जाणतो, मी विचार करतो’. ग्रीक कोशात क्रियापद ‘मी’च्या रूपात देतात, जसे आपण ‘करणे, जाणे’ असे ‘णे’ लावून देतो. हे ‘नोएओ’ आले ‘नोऑस’ या नामावरून. नोऑस म्हणजे मन, बुद्धी, जाण. होमरच्या जुन्या काव्यांत ‘नोएओ’चा अर्थ फार जिवंत आहे : डोळ्यांनी पाहणे आणि पाहता पाहताच प्रसंग ओळखणे. शेतकरी आभाळाकडे नुसता पाहत नाही, पाऊस ओळखतो, तसे.

आता उपसर्ग. शाळेत आपण एक उदाहरण पाठ केलेले असते. धातू एकच, ‘हृ’. त्याला निरनिराळे उपसर्ग लागले की प्रहार, आहार, विहार, संहार, परिहार. घरातला एकच माणूस वेगवेगळी पागोटी घालून यावा तसे. ग्रीकमध्ये अगदी हेच चालते, आणि यात नवल नाही, कारण ग्रीक आणि संस्कृत या भाषा एकाच कुळातल्या. त्यांचे उपसर्गही पुष्कळदा सख्खे भाऊ आहेत : आपला ‘प्र’ तो त्यांचा ‘प्रो’, आपला ‘अप’ तो त्यांचा ‘आपो’, आपला ‘परि’ तो त्यांचा ‘पेरि’, आपला ‘उप’ तो त्यांचा ‘हुपो’. ‘मेता’ला मात्र आपल्या उपसर्गांत असा सख्खा भाऊ नाही. कामाच्या दृष्टीने पाहिले तर तो काही वेळा आपल्या ‘अनु’सारखा वागतो.

‘नोएओ’ला हे उपसर्ग लावून पाहा. ‘प्रो’ लावा : ‘प्रोनोएओ’, म्हणजे आधी विचार करतो, पुढचे पाहून तरतूद करतो. ‘हुपो’ लावा : ‘हुपोनोएओ’, म्हणजे खालून विचार करतो, अर्थात मनातल्या मनात संशय घेतो. ‘पारा’ लावा, म्हणजे बाजूला, वाट सोडून : ‘पारानोएओ’, विचार वाटेवरून घसरला, डोके फिरले. डॉक्टर ज्या संशयपिशाच्चाच्या विकाराला ‘पॅरानॉइया’ म्हणतात, तो शब्द इथलाच. आणि ‘मेता’ लावा : ‘मेतानोएओ’.

या ‘मेता’त दोन अर्थ नांदतात, आणि सगळी गंमत तिथेच आहे. एक अर्थ ‘नंतर, मागाहून’. दुसरा अर्थ ‘इकडून तिकडे, पालट’. हा दुसरा अर्थ शास्त्र शिकवणाऱ्या गुरुजींच्या ओळखीचा आहे. बेडकाच्या पिलाचे शेपूट जाऊन त्याला पाय फुटतात, त्या रूपांतराला इंग्रजी पुस्तकात ‘मेटामॉर्फोसिस’ म्हणतात. ‘मॉर्फे’ म्हणजे रूप, ‘मेता’ म्हणजे पालट. तेव्हा ‘मेतानोएओ’चे दोन अर्थ झाले : ‘मला मागाहून सुचते’ आणि ‘माझा विचार पालटतो’. पहिला अर्थ थट्टेचा. ‘शहाण्याने आधी विचार करावा, मागाहून नव्हे’ अशा आशयाचे एक वचन सिसिलीतल्या एपिकार्मस या जुन्या विनोदी नाटककाराच्या नावावर आहे, आणि त्यात ‘प्रोनोएओ’ व ‘मेतानोएओ’ ही दोन क्रियापदे समोरासमोर उभी केली आहेत. म्हणजे ‘बैल गेला आणि झोपा केला’ हे ग्रीकांनाही ठाऊक होते. दुसरा अर्थ मात्र मानाचा. झेनोफन हा लेखक इराणच्या सायरस राजावरील आपल्या ग्रंथाच्या आरंभी सांगतो की, माणसांवर राज्य करणे ही सर्वांत अवघड गोष्ट आहे असे आम्हांला वाटत असे. पण सायरसचे उदाहरण पाहिल्यावर आम्हांला आमचे मत बदलणे भाग पडले. तिथे त्याने हेच क्रियापद घातले आहे. त्यात ना अश्रू, ना पाप, ना प्रायश्चित्त. पुरावा पाहिला, मत बदलले.

या शब्दाची घडण ग्रीक माणसाला बोलताना जाणवत असे, याची एक खूण व्याकरणात आहे. संस्कृतात भूतकाळ करताना धातूच्या आधी ‘अ’ येतो : गच्छति, अगच्छत्. उपसर्ग असेल तर तो ‘अ’ उपसर्गाच्या आधी येत नाही. उपसर्ग आणि धातू यांच्या मध्ये येतो : अनु अधिक अगच्छत्, अन्वगच्छत्. ग्रीकमध्ये या ‘अ’च्या जागी ‘ए’ आहे, आणि तोही असाच मध्ये शिरतो. ‘एनोएसा’ म्हणजे ‘मी विचार केला’. ‘मेता’ लागला की ‘मेतेनोएसा’, म्हणजे ‘माझा विचार पालटला’. सुताराने जोडलेला सांधा जसा नीट पाहिला की दिसतो, तसा हा शब्दाचा सांधा प्रत्येक भूतकाळात उघडा होई. आणखी मागे गेले तर वेदांत उपसर्ग क्रियापदापासून दूर, सुटाही उभा राहतो; होमरच्या काव्यांतही तसेच. म्हणजे हे तुकडे एके काळी स्वतंत्र शब्द होते, आणि बोलता बोलता ते क्रियापदाला चिकटले.

आता पुन्हा अथेन्सच्या सभेत जाऊ. थ्युसिडिडीसच्या या प्रकरणात ‘मेता’ची एक नव्हे, तीन भावंडे भेटतात. लोकांना जे झाले त्याला तो स्वतः ‘मेतानोइया’ म्हणतो, आणि तिच्या शेजारीच हिशेब करण्याचा शब्द ठेवतो. क्लिऑन मात्र भाषणाच्या आरंभीच तिला ‘मेतामेलेइया’ म्हणतो. ‘मेलेइ’ म्हणजे काळजी लागणे, जिवाला लागणे. तेव्हा ‘मेतामेलेइया’ म्हणजे मागाहून लागलेली हुरहुर, चुटपुट. आणि पुढे तो लोकांना बजावतो की, एकदा ठरले ते ‘मेताग्नोनाइ’ करू नका, म्हणजे दिलेला निर्णय फिरवू नका. ग्रीक लोक या शब्दांत नेहमीच काटेकोर भेद पाळीत असे मी म्हणणार नाही. पुष्कळदा ते एकमेकांच्या जागी येतात. पण इथली निवड बोलकी आहे असे मला वाटते. ज्याला ठराव टिकवायचा आहे तो म्हणतो, ‘तुम्हांला नुसते वाईट वाटते आहे.’ इतिहासकार म्हणतो, ‘त्यांनी पुन्हा विचार केला.’

हा भेद किती महागात पडतो ते अथेन्सनेच पुढे दाखवून दिले. इसवी सनापूर्वी ४१६ मध्ये मीलॉस या लहानशा बेटाने अथेन्सपुढे मान तुकवायला नकार दिला. वेढा पडला, बेट शरण आले. वयात आलेले जे पुरुष हाती लागले ते ठार झाले, बायका-मुले गुलाम म्हणून विकली गेली. म्हणजे अकरा वर्षांपूर्वी मिटिलीनीसाठी जो ठराव झाला होता, तोच. या वेळी दुसऱ्या दिवशी सभा भरल्याचे थ्युसिडिडीस सांगत नाही. दुसरे जहाज निघाले नाही.

आणखी दहा वर्षांनी, ४०६ मध्ये, आर्गिनूसी बेटांजवळ अथेन्सने समुद्रावर मोठा विजय मिळवला. पण वादळामुळे बुडत्या जहाजांवरची माणसे वाचवता आली नाहीत. लोक खवळले. आठ सेनापतींवर एकत्र खटला चालवून एकाच मताने निकाल लावायचा, असा बेकायदा घाट घातला गेला. सभेचे काम चालवणाऱ्या मंडळात त्या दिवशी तत्त्वज्ञ सॉक्रेटिस होता. त्याने एकट्याने नकार दिला. त्याचे कोणी ऐकले नाही. जे सहा सेनापती अथेन्सला परत आले होते, ते सहाही मारले गेले. झेनोफन पुढे लिहितो की, थोड्याच काळाने अथेनियनांना वाईट वाटले. तिथे त्याने क्रियापद घातले आहे ‘मेलेइ’चे. चुटपुट लागली, पण मेलेल्यांकडे कोणते जहाज पाठवणार?

आणि मिटिलीनीचेही सगळे गोड झाले असे समजू नका. पाकेसने बंडाचे मुख्य दोषी म्हणून जे लोक अथेन्सला पाठवले होते, ते क्लिऑनच्या सूचनेवरून ठार करण्यात आले. आपल्या हाती आलेल्या पोथ्यांत त्यांचा आकडा हजाराहून थोडा अधिक असा आहे; काही पंडितांच्या मते तो नकलनविसाच्या चुकीने फुगला असावा. शहराचे कोट पाडले गेले, जहाजे जप्त झाली. एक मेथिम्ना सोडून बेटावरची जमीन ३,००० वाट्यांत तोडून दिली गेली. त्यांतले ३०० देवांचे, बाकीचे अथेन्सच्या लोकांचे. जमीन कसायची लेस्बॉसच्याच लोकांनी आणि वर्षाला ठरलेला खंड भरायचा. विचार पालटला, पण अर्धाच. हेही सांगितले पाहिजे.

पुढे या क्रियापदाचा प्रवास फार लांबचा झाला. ख्रिस्ती लोकांचा नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला, आणि त्यात येशूच्या उपदेशाच्या आरंभीच हे क्रियापद आज्ञार्थी रूपात येते : ‘मेतानोएइते’. त्याचे लॅटिन झाले तेव्हा जे शब्द आले, त्यांचा अर्थ ‘पश्चात्ताप करा’ असाही होतो आणि ‘प्रायश्चित्त घ्या’ असाही. शतकानुशतके युरोपात दुसरा अर्थ बळावत गेला : धर्मगुरू सांगेल ते प्रायश्चित्त घ्यायचे, की झाले काम. वास्तविक टर्टुलियन आणि लॅक्टँशियस या जुन्या लॅटिन लेखकांनी बजावून ठेवले होते की, मूळ ग्रीक शब्दात मन पालटण्याचा अर्थ आहे. पुढे १५१६ मध्ये एरॅस्मसने नव्या कराराचा ग्रीक पाठ छापून प्रसिद्ध केला. जर्मनीत मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये आपली ९५ विधाने मांडली. त्यांतले पहिलेच विधान याच आज्ञेविषयी आहे. आणि १५१८ मध्ये आपल्या वडीलधाऱ्या श्टाउपिट्झला लिहिलेल्या पत्रात त्याने सांगितले की, ग्रीक जाणणाऱ्यांकडून मला कळले, हा शब्द ‘मागाहून’ आणि ‘मन’ या दोन तुकड्यांचा आहे. आणि ‘मेता’चा अर्थ पालट असाही घेता येतो. म्हणजे आत्ता आपण केली तीच फोड! त्या एका शब्दाने ख्रिस्ती धर्मात फूट पडली असे नव्हे. कारणे पुष्कळ होती. पण शब्द फोडून पाहणे हा नुसता पंडितांचा खेळ नसतो, एवढे यावरून पटावे.

हा शब्द आपल्या मराठीतही येऊन पोहोचला आहे. सेरामपूरच्या विल्यम कॅरीने १८११ मध्ये मराठी नवा करार छापला, आणि त्यानंतर मराठीत बायबलची अनेक भाषांतरे झाली. त्यांत पंडिता रमाबाईंचे नाव आदराने घ्यावे लागते. संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेल्या या विदुषीने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळावे म्हणून, मुळावरून मराठी भाषांतर केले. ते पुरे झाले आणि १९२२ मध्ये त्या वारल्या. आज प्रचलित असलेल्या मराठी बायबलमध्ये ‘मेतानोएओ’साठी शब्द येतो ‘पश्चात्ताप करणे’.

आता आपला शब्दही फोडून पाहू. ‘पश्चात्’ म्हणजे मागाहून. इथपर्यंत ‘मेता’शी जुळले. पण पुढे ‘ताप’! ‘अनुताप’ घ्या, तिथेही तापच. आपल्या शब्दात मन पोळते. ग्रीक शब्दात मन विचार करते. आपला पश्चात्ताप घडणीने ‘मेतामेलेइया’च्या जवळचा. दोन्ही शब्द आपापल्या जागी योग्य आहेत. पोळल्याशिवाय माणूस सहसा विचार करीत नाही, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. परंतु पोळून घेणे हा शेवट नव्हे, हे ग्रीक शब्द सांगतो. मराठीत त्याच्या अधिक जवळचे शब्द शोधायचे तर ‘उपरती होणे’, ‘मन पालटणे’, आणि साध्या बोलीत ‘पुन्हा विचार करणे’.

शिक्षक मित्रांना एक सुचवावेसे वाटते. उपसर्गांचा पाठ घ्याल तेव्हा फळ्यावर ‘प्रहार, आहार, संहार’ लिहिताना शेजारी ‘प्रोनोएओ, पारानोएओ, मेतानोएओ’ लिहा आणि ही दोन जहाजांची गोष्ट सांगा. मुलांना उपसर्ग कळेल, आणि इतिहासही लक्षात राहील.

बाकीच्या मंडळींना एवढेच म्हणेन. सभा अथेन्सची असो की आपल्या गावची, रागाच्या भरात हात वर जातात आणि ठराव होतो. एखाद्याला वाळीत टाकायचे ठरते, कोणाची वाट बंद करायची ठरते, भाऊ भावाचे तोंड न पाहण्याची शपथ घेतो. रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटते, की जरा चुकलेच. पण सकाळी क्लिऑन भेटतो आणि म्हणतो, ‘शब्द फिरवणारा कसला माणूस!’ आणि आपण गप्प बसतो. अशा वेळी त्या वल्हेकऱ्यांची आठवण करा. विचार मागाहून आला याची लाज नको. तो आल्यावर किनाऱ्यावर बसून राहिलो तर मात्र ती लाजेची गोष्ट. पहिले जहाज निघून गेले असले, तरी पीठ कालवून हातात घ्यावे आणि वल्हे मारायला बसावे. कदाचित ते रेंगाळत चालले असेल.